घरातली एकुलती एक मतदार

नागपूरला असताना मी सात वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. नववीच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: मतदानास अपात्र कोण? मी उत्तर लिहून द्यायचे आणि मुली माना खाली घालून उतरवून घ्यायच्या. परदेशी नागरिक, अठरा वर्षं पूर्ण न झालेले, न्यायालयाने मनोविकल ठरवलेले. त्या शेवटच्या शब्दाला मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. मी टेबलावर डस्टर आपटायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. त्या शब्दामागे एखादं माणूस असेल, त्यालाही कुणाला तरी निवडून द्यावंसं वाटत असेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

माझी लेक अमेरिकेत जन्मली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या जरा पुढे येऊन राहिलो होतो. ती झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन डाउन सिंड्रोम हा शब्द उच्चारला. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते इथे सांगत नाही. इतकंच सांगते, की ती उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि बोलायला लागली ती थांबलीच नाही. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र निम्मंअधिक इंग्रजीत.

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा आम्ही कोर्टात जाऊन तिची गार्डियनशिप घेतली. मूल कायद्याने सज्ञान झालं की आईबापांना त्याच्या औषधपाण्याचे निर्णयसुद्धा परस्पर घेता येत नाहीत, म्हणून बरेच पालक ती घेतात. न्यायाधीशांनी तिला समोर बसवून विचारलं, "आईबाबांनी तुझी काळजी घेतलेली चालेल का?" ती म्हणाली, "येस, बट आय अल्सो टेक केअर ऑफ देम." सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर तो हुकूम मी फाइलला लावला. आता मुलीच्या आयुष्यात जे काही ठरेल ते आम्हीच ठरवणार, असं मी धरून चालले.

विसाव्या वर्षी तिला गावच्या लायब्ररीत काम मिळालं. आठवड्यातून तीन दिवस, लहान मुलांच्या विभागात परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. हे काम तिच्याइतकं चोख तिथे दुसरं कुणी करत नाही, हे मी नाही, तिची वरिष्ठ सांगते. ही साठीची, केस बारीक कापलेली, हळू आवाजात बोलणारी बाई. एकदा कुणीतरी हत्तींचं पुस्तक डायनासोरांत खोचून ठेवलं होतं, तर आमची लेक दिवसभर अस्वस्थ होती.

त्या हिवाळ्याच्या शेवटी लायब्ररीच्या सभागृहात मुदतीआधीचं मतदान सुरू झालं. गावच्या निवडणुका होत्या: शाळेचं मंडळ, बागांचं मंडळ आणि लायब्ररीचंही मंडळ. इथे लायब्ररी चालवणारे विश्वस्तसुद्धा लोक निवडून देतात. मी तिला न्यायला गेले तर ती कोट घालून सभागृहाच्या दाराशी उभी. आतून बाहेर पडणाऱ्यांच्या छातीवर मत दिल्याची गोल स्टिकरं होती.

"तुला हवंय का?" मी विचारलं आणि ओळखीच्या एका बाईंकडून एक स्टिकर मागून आणलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, स्टिकरकडे पाहिलं. "आय डिडन्ट व्होट, आई."

"असू दे गं. गंमत म्हणून."

"नो. दॅट्स लाइंग." तिने ते माझ्या तळहातावर परत ठेवलं. "आय वॉन्ट टू व्होट."

गाडीत ती तेच म्हणत राहिली. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे ती खिडकीकडे तोंड करून बसली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो पोळीचा घास हातात धरून थांबला. "अगं, पण गार्डियनशिप घेतली ना आपण? मग मत गेलं तिचं. प्लेनोला तेच झालं की."

प्लेनोला त्याचा कॉलेजातला मित्र राहतो. त्याच्या मुलालाही असाच त्रास आहे. तिकडे टेक्ससमध्ये गार्डियनशिपच्या हुकमातच कोर्टाने मुलाचा मताचा हक्क काढून घेतला होता. मित्राने ते सहज बोलता बोलता सांगितलं होतं, आणि आम्ही ते सगळ्या अमेरिकेला लागू करून टाकलं होतं. मला तर ते ओळखीचंच वाटलं. मीच नाही का सात वर्षं लिहून देत होते!

लेक ताटातला भात चिवडत ऐकत होती. म्हणाली, "हू टुक इट?"

"काय?"

"माय व्होट. बाबा सेड इट्स गॉन. हू टुक इट?"

त्यानंतर मला जेवण गेलं नाही, कारण तिचा प्रश्न अगदी रास्त होता. कुणी घेतलं? कोर्टात सही मी केली होती.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर सोडल्यावर मी तिच्या वरिष्ठबाईंना गाठलं. जरा ओशाळतच विचारलं, की अशा मुलांना इथे मत देता येतं का, तुम्हाला माहीत आहे का. त्या हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. "आपण वाचूनच बघू," म्हणाल्या आणि संदर्भविभागातून एक पातळशी पुस्तिका काढून आणली. इलिनॉय राज्याची घटना. भारतात घटना एकच, जाडजूड. इथे देशाची एक आणि प्रत्येक राज्याची आपापली, हे मला माहीत होतं, पण ती कधी हातात घेतली नव्हती. बाईंनी मतदानाचं कलम उघडून दिलं आणि त्या आपल्या कामाला निघून गेल्या. माझ्या डोक्यावर उभं राहून त्यांनी काही समजावलं नाही, हे मला फार आवडलं.

मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वाचलं. बाहेर गवतावर बर्फाचे शेवटचे मळकट ढीग उरले होते. कलम लहानच होतं. अमेरिकेचा नागरिक असलेली, अठरा वर्षं पूर्ण झालेली आणि निवडणुकीआधी किमान तीस दिवस या राज्यात कायम राहणारी प्रत्येक व्यक्ती. पुढच्या भागात अपात्र कोण ते: गुन्ह्यासाठी शिक्षा भोगत असलेले, आणि शिक्षा संपली की त्यांचाही हक्क परत. मी पान उलटलं. पुढे नोंदणीचं, निवडणुकांच्या पद्धतीचं. परत मागे आले. ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मनाबद्दल, बुद्धीबद्दल, समजेबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी शिक्षिका आहे, मला मजकूर वाचता येतो. तरी तीन वेळा वाचलं. मग घरी जाऊन कोर्टाचा हुकूम फाइलमधून काढला. त्यात औषधपाणी होतं, राहण्याची सोय होती, मताचा उल्लेख कुठेही नव्हता. तिचं मत कुणी घेतलंच नव्हतं. दोन वर्षं ते तिचंच होतं, आणि ते गेलं असं आम्ही दोघं परस्पर ठरवून बसलो होतो.

संध्याकाळी नवऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मग म्हणाला, "म्हणजे या घरात मत देऊ शकणारी ती एकटीच की गं." खरंच होतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची उमेदीची वर्षं गेली. ते हातात आलं त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती, आणि नागरिकत्वाच्या अर्जाला अजून दोन वर्षं अवकाश होता. आम्ही दोघं पदवीधर, मी तर नागरिकशास्त्राची बाई, आणि या गावच्या कारभारात बोलायचा अधिकार होता तो फक्त आमच्या लेकीला.

नोंदणीसाठी आम्ही काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत गेलो. काउंटरवर जाड चष्म्याचे एक वयस्कर गृहस्थ होते. मी पुढे होऊन सांगायला लागले, "माझ्या मुलीला..." त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि नजर माझ्यावरून तिच्याकडे वळवली. "बोला, मी तुमच्यासाठी काय करू?"

"आय वॉन्ट टू रजिस्टर," ती म्हणाली. हे वाक्य तिने गाडीत दहा वेळा म्हणून घेतलं होतं.

त्यांनी एकेक विचारलं. नागरिक आहात का? वय? या पत्त्यावर किती दिवस राहता? "ऑल माय लाइफ," ती म्हणाली. तुरुंगात शिक्षा भोगत नाही ना? त्यावर ती खो खो हसली. "नो! आय वर्क इन अ लायब्ररी!"

मला राहवेना. मी गार्डियनशिपचा हुकूम पुढे सरकवला आणि म्हटलं, "हेही तुम्ही पाहून घ्या, उद्या काही अडचण नको."

त्यांनी कागद उघडलासुद्धा नाही. बोटाने हळूच माझ्याकडे परत ढकलला. "बाई, राज्यघटना मला जेवढं विचारायला सांगते तेवढं मी विचारलं. त्याहून जास्त विचारायचा अधिकार मला नाही." मग अर्जावर सहीची जागा दाखवून तिच्याकडे पेन दिलं.

तिने आपलं नाव मोठ्या छापील अक्षरांत लिहिलं. वेळ लागला. मागे रांग होती. त्या गृहस्थांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण परीक्षेच्या उत्तरांत बसवता आली नसती अशी एक गोष्ट त्या दिवशी मी त्यांच्याकडून शिकले.

मग तयारी. लायब्ररीच्या मंडळावर तीन जागा होत्या आणि पाच उमेदवार. त्यांची एक सभा लायब्ररीतच झाली, तिला आम्ही तिघं गेलो. प्रश्न विचारायची वेळ आली तसा लेकीने हात वर केला. तिने विचारलं, शनिवारची मुलांना गोष्टी सांगायची वेळ बंद होणार आहे का, कारण शनिवारी सगळ्यात जास्त मुलं येतात आणि ती खाली जमिनीवर बसतात, त्यांना जागा पुरत नाही.

पहिले उमेदवार उठले, छान हसले आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, की तुमच्या मुलीचा उत्साह पाहून फार आनंद झाला. बस, एवढंच. दुसऱ्या होत्या त्या बाई खुर्चीतून पुढे वाकून तिला म्हणाल्या, "मला अजून माहीत नाही. बंद व्हावी असं मला वाटत नाही, पण शनिवारसाठी माणसं कमी आहेत. तुम्ही तिथे काम करता ना? किती मुलं येतात साधारण?" दोघींचं मग चांगलं दोन मिनिटं बोलणं झालं.

गाडीत बसताना लेक म्हणाली, "ही टॉक्ड टू यू. बट आय आस्क्ड."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आम्हाला वाटायचं तिला उमेदवारांमधला फरक कसा कळणार. तिला जो कळला होता तो माझ्या लक्षातही आला नव्हता. मी तर त्या गृहस्थांकडे बघून आभाराचं हसले होते.

मतदानाच्या दिवशी एप्रिलची थंड, ओली सकाळ होती. केंद्र बागांच्या मंडळाच्या हॉलमध्ये होतं. इथे मतदान केंद्रावर काम करणाऱ्यांना जज म्हणतात. ही आपल्यासारखीच गावातली माणसं असतात, आणि दोन्ही पक्षांची असावी लागतात. आमच्या टेबलावर एक उंच, सत्तरीचे आजोबा होते, पूर्वी शाळेची बस चालवायचे असं नंतर कळलं, आणि एक तरुण नर्स, रजा काढून आलेली; शिवाय तिसऱ्या एक बाई. लेकीने नाव आणि पत्ता सांगितला. छापील अक्षरांत सही केली. आजोबांनी ती नोंदणीच्या सहीशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "तंतोतंत."

मग नर्सने विचारलं, मतपत्रिका वाचायला मदत हवी आहे का? ती हो म्हणाली. कुणाची हवी? घरच्या माणसाची चालेल, नाहीतर आम्ही दोघं मिळून करू, दोन पक्षांचे दोघं. मी आधीच एक पाऊल पुढे टाकलं होतं.

"नॉट आई," लेक म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, मी फक्त वाचून दाखवीन."

"यू मेक फेसेस, आई." आणि मग समजूत घातल्यासारखं मराठीत, "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

नर्सने ओठ दाबून हसू आवरलं. आजोबांनी मला आखून दिलेल्या रेषेच्या बाहेर एक खुर्ची आणून दिली. मी बसले. वीस वर्षांत मी तिच्या प्रत्येक डॉक्टरसमोर, प्रत्येक शिक्षकासमोर तिच्या शेजारी बसले होते. इतक्या जवळ असून तिच्यापासून वेगळी बसायची ही माझी पहिलीच वेळ.

तिघं कोपऱ्यातल्या आडोशापाशी गेली. नावं वाचल्याचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ झाला. रांगेतल्या एका गृहस्थाने मोठ्यानेच टेबलावरच्या तिसऱ्या जजबाईंना विचारलं, "काय चाललंय, हे तिला कळतंय तरी का?"

मी खुर्चीतून उठले. पण त्या बाई माझ्याआधी बोलल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्हालाही मी हा प्रश्न विचारणार नाहीये." त्या गृहस्थांच्या मागची एक मुलगी फोनमधून डोकं वर काढून हसली.

लेक आपली मतपत्रिका दोन्ही हातांनी धरून मशीनपाशी आली. मशीनने ती आत ओढली आणि कुरकुर करत परत बाहेर दिली. तिचा चेहरा पडला. आजोबांनी पडद्यावरचं वाचलं: तीन जागांसाठी चार खुणा झाल्या होत्या. खुणा तिनेच केल्या होत्या. ते दोघं फक्त नावं वाचत होते. ही तशीच टाकली तर लायब्ररीच्या मंडळासाठी तुमचं मत धरलं जाणार नाही, त्यांनी तिला सांगितलं, किंवा ही रद्द करून नवी घेता येते. "काय करू या? मी स्वतः असं एकदा केलंय, आणि तेव्हा तर माझी नजर चांगली होती, म्हणजे सांगायला सबबही नव्हती."

मी मनातल्या मनात म्हणत होते, बाळा, चल घरी, एवढं पुरे. बाहेर रांग वाढली होती. तिला रांगेचा धाक वाटतो, लोक आपल्यामुळे थांबलेत असं वाटलं की ती रडते. तिने रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं नाही, आजोबांकडे पाहिलं. "न्यू वन, प्लीज."

दुसऱ्या वेळी ती एकेक नावाशी थांबून बोटांवर मोजत होती, ते मला लांबून दिसत होतं. एक, दोन, तीन. मशीनने मतपत्रिका आत घेतली आणि परत दिली नाही. आजोबांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. ती गंभीरपणे म्हणाली, "थँक यू फॉर युवर हेल्प," आणि दार ढकलून बाहेर पडली. मी पर्स आणि तिची विसरलेली टोपी घेऊन मागून धावले.

गाडीत मी विचारलं, अगदी सहज, कुणाला दिलंस?

"इट्स सीक्रेट."

"मलाही?"

"यू आर नॉट अ सिटिझन," ती म्हणाली आणि सीटबेल्ट लावला. माझा अपमान करायचा नव्हता तिला; ती फक्त वस्तुस्थिती सांगत होती.

त्या संध्याकाळी नवऱ्याने प्लेनोला फोन लावला. मी आतून ऐकत होते. तो मित्राला सांगत होता, की अरे, तुमच्याकडेही कोर्टाकडे अर्ज करून मताचा हक्क तेवढा परत मागता येतो म्हणे, मी वाचलंय, तू वकिलाला विचार. पलीकडून काहीतरी लांबलचक आलं असावं. नवरा म्हणाला, "नाही यार, कळतं रे त्यांना. आपल्यालाच कळत नाही." मग दोघं बराच वेळ क्रिकेटवर बोलले.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. खुर्चीतून पुढे वाकून बोलल्या त्या बाई निवडून आल्या. माझ्याकडे बघून हसले होते ते गृहस्थही आले. आम्ही लेकीला नावं वाचून दाखवली. तिने एका नावाला मान डोलावली, दुसऱ्याला नाक मुरडलं. मला वाटलं आता ती हिरमुसेल, तिला समजावावं लागेल, की निवडणुकीत असं होतं, सगळं आपल्या मनासारखं नसतं. मी तोंड उघडलं होतं.

"ओके," ती म्हणाली. "व्हेन इज द नेक्स्ट वन?"

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये, मी शोधून सांगितलं. तिने फ्रिजवरचं कॅलेंडर काढलं, शेवटच्या पानापर्यंत उलटलं, आणि त्यात पुढच्या वर्षीचा मार्च नाही असं पाहून नवं कॅलेंडर आणायला सांगितलं. एप्रिल महिन्यात कुठे मिळणार ते! मी तिला कोरा कागद दिला. त्यावर तिने स्वतः बारा चौकोन आखायला घेतले, आणि मी कुकर लावायला उठले.